घंटी म्हणजे शिवी नाही

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "मागचा ब्रेक आधी दाबता का समोरचा?"

मी तेव्हा एकवीस वर्षांची, भिवापूरहून नागपुरात शिक्षिकेच्या नोकरीवर नव्यानं आलेली. आठवडाभरात पाच खोल्या बघून झाल्या होत्या. पाचही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा होता, आणि आडनाव सांगितल्यावर दुसरा प्रश्न आलाच नव्हता. एका ठिकाणी खोली तेवढ्यात भाच्याला देऊन झाली, एका ठिकाणी अचानक नळ बिघडला. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून घरात एकच शिकवण : कोणी विचारलं तर लपवायचं नाही. म्हणून या सहाव्या दारात मी आडनाव जिभेच्या टोकावर घेऊनच उभी होते. आणि बंडी-पायजम्यातला हा उंच, रापलेला माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या सायकलकडे बघत होता.

"दोन्ही सोबतच दाबते," मी म्हटलं.

"चूक. मागचा जरासा आधी, मंग समोरचा. नाही तं तोंडावर पडसान कधी तरी. या, खोली पाहून घ्या."

मी उंबऱ्यावरच थांबले आणि न विचारता आडनाव सांगून टाकलं. ते क्षणभर गोंधळले.

"ते पोस्टमनले लागन," ते म्हणाले. "मले सायकलचा बिल्ला दाखवा, कर भरल्याचा. यंदाचा आहे ना?"

अशी मला इतवारीतल्या त्या गल्लीत खोली मिळाली. पुढची नऊ वर्षं मी तिथे राहिले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. घराणं विणकरांचं. माझ्या खोलीत पूर्वी त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. मागाचा खड्डा फळ्या टाकून बुजवला होता आणि त्यावरच माझी खाट होती. काकांनी मात्र माग कधी धरला नाही. अठराव्या वर्षी घरातून पळून ट्रकवर गेले, आणि तीस वर्षं कधी कोळसा, कधी संत्री वाहिली. मग एका हिवाळ्यात एकाएकी गाडी सोडली आणि एक जुनी काळी सायकल घेतली. का सोडली, ते कोणाला ठाऊक नव्हतं. गल्लीत बायका कुजबुजत की त्यांच्या गाडीखाली कोणी तरी आलं होतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

माझी शाळा सकाळची होती. साडेसहाला मी सायकल अंगणात आणली की काका फाटकाशी उभे असत.

"घंटी."

मी घंटी वाजवायची.

"ब्रेक."

मी सायकल ढकलून ब्रेक दाबून दाखवायचा.

"पदर."

पदर कमरेला घट्ट खोचलेला नसला तर फाटकाची कडी निघत नसे. पहिल्या महिन्यात मला याचा इतका राग यायचा की मी एकदा म्हटलं, "काका, मी शाळेत चाललेय, लढाईवर नाही." ते शांतपणे म्हणाले, "लढाईवर जानाऱ्याले माहीत तरी असते, का समोरून कोणी येऊन राहिलं."

दुसऱ्या महिन्यात माझ्या साडीचा काठ मागच्या चाकात गेला. पडले नाही, पण काठाची चिंधी झाली. काकांनी माळ्यावरून वडिलांच्या मागाचं उरलेलं सूत काढलं आणि दोन दिवस ओट्यावर बसून माझ्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी विणली. गाठी ओबडधोबड होत्या, पण जाळी पक्की. काकू, म्हणजे त्यांची बायको, दारातून बघत होती. म्हणाली, "सासरे हयात असते तं रडले असते वं. पोरगा जलमात पयल्यांदा सुताले बसला, आन् काय विणलं तं सायकलचं लुगडं!"

त्यांच्या स्वतःच्या सायकलला ट्रकचा मोठा आरसा होता. तो हँडलवर इतका अवजड दिसे की गल्लीतली पोट्टी त्यात बघून भांग पाडत. वळायच्या आधी काका पूर्ण हात बाहेर काढत, तोही चांगला वीस-पंचवीस हात आधीपासून. मागच्या स्कूटरवाल्यानं वेग कमी केला, तर वळून झाल्यावर थांबून त्याला रामराम करत. घंटी मात्र फार हळू वाजवायचे. एखादा पोरगा ट्रिंगट्रिंग करत गर्दीतून घुसला की त्याला हात दाखवून थांबवत. "घंटी म्हणजे शिवी नाही गा," म्हणत. "कोणाचं दार ठोठावतो तशी वाजवावी. मी आलो, येऊ का?"

ट्रकवाल्यांनाही तेच. हॉर्नचा अर्थ 'मी आहो' एवढाच. त्याचा अर्थ 'सरक' असा करतो, त्याची गाडी कितीही मोठी असो, माणूस लहान.

पांढऱ्या रंगाचा डबा हा त्यांचा आणखी एक छंद. सायकलच्या मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा हवा असा तेव्हा नियम होता, पण पाळत कोण होतं? काका रविवारी डबा आणि ब्रश घेऊन निघत आणि पानठेल्यांसमोर उभ्या असलेल्या सायकलींना पट्टे मारत सुटत. विचारून मारत, पण उत्तराची वाट बघत नसत. एकदा सीताबर्डीला एका वकिलाच्या नव्याकोऱ्या हिरव्या सायकलला पट्टा मारला. वकील संतापला. काकांना दंडाला धरून चौकीत घेऊन गेला. हवालदारानं दोघांचं ऐकून घेतलं. काका म्हणाले, "साहेब, चूक झाली, मान्य आहे. पन बाहेर तुमची सायकल उभी आहे, तिलेबी पट्टा नाही." हवालदार उठून बाहेर गेला, बघून आला. आणि वकिलासमोरच म्हणाला, "तिलेबी मारून द्या." वकील कपाळाला हात लावून निघून गेला. हे सगळं मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना वकिलाबद्दलच वाईट वाटत होतं. "हिरवा रंग चांगला होता गरिबाचा," म्हणाले.

एका रविवारी ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही पोराइले शिकवता. आज तुम्ही शिका." आणि मला भंडारा रोडवर एका ट्रकअड्ड्यावर घेऊन गेले. तिथले ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत. पाच-सहा जण खाटांवर चहा पीत बसले होते. साडी नेसलेली मास्तरीण ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागी चढतेय, हे बघून ते उठून उभेच राहिले. मला लाज वाटली, पण वर बसल्यावर विसरले. केवढं उंच होतं ते! रस्ता खेळण्यासारखा दिसत होता.

काका माझी सायकल घेऊन खाली उभे राहिले. समोर आले. "दिसतो का?"

"दिसता."

मग ते ट्रकच्या डाव्या अंगाला गेले. समोरच्या चाकाजवळ, अगदी गाडीला खेटून. "आता?"

मी वाकून बघितलं. काही नव्हतं. नुसता खिडकीचा काठ आणि पलीकडचं बाभळीचं झाड. आवाज येत होता, माणूस नव्हता.

"नाही दिसत."

"मी इथंच आहो बाई. सायकल घेऊन उभा आहो. पाहा नीट."

मी मान ताणली, अर्धी उठले. नाहीच. रोज सकाळी नाक्यावर मी नेमकी तिथेच उभी राहत होते, ट्रकच्या डाव्या चाकाजवळ, सावलीत. मला वाटायचं, एवढ्या उंचावर बसलेल्या माणसाला सगळंच दिसत असणार.

मी खाली उतरल्यावर एक जाडा, हसरा ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, बाईले समजलं. आता या सायकलवाल्याइले सांगा, रस्ता सोडून चालत जा म्हणा."

"थांब," काका म्हणाले. "आता तुही पाळी."

त्यांनी त्याला आपल्या सायकलवर बसवलं आणि रस्त्याच्या कडेनं सरळ जायला सांगितलं. मग त्याच्याच सोबत्याला म्हणाले, तू भरलेली गाडी घेऊन याच्या बाजूनं जा, रोज जातो तशी, जास्त नाही, कमी नाही. गाडी गेली. आम्ही लांबून बघत होतो. ट्रक पुढे निघून गेला, त्याच्या वाऱ्यानं सायकल आधी बाहेर फेकल्यासारखी झाली, मग आत ओढल्यासारखी. जाडा ड्रायव्हर मातीत उतरला आणि तसाच उभा राहिला. परत आला तेव्हा हसत नव्हता. मटक्यातून दोन पेले पाणी प्यायला.

"उस्ताद," तो म्हणाला, "त्यानं मले एवढ्या जवळून काहून काढलं?"

"जवळून नाही काढलं. तू रोज काढतो तेवढ्याच दुरून काढलं."

नंतर पुष्कळ रविवारी काका तिथे जात राहिले, दर वेळी कोणा तरी नव्या सायकलवाल्याला सोबत घेऊन. दूधवाले गेले, पोस्टमन गेला, आमच्या शाळेचा शिपाई गेला. लोक हसायचे, पण एकदा वर बसून आलेला माणूस पुन्हा हसत नसे.

त्यांचा एक नियम मला जाचक वाटे. घरी परतल्यावर फाटकातूनच मोठ्यानं "आली!" म्हणून ओरडायचं. ते न्हाणीत असोत की जेवत असोत, आतून "बरं!" असं उत्तर येई, मगच खोलीचं कुलूप उघडायचं.

तो एप्रिल महिना होता. शाळा साडेअकराला सुटली आणि एका मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून मी परस्पर तिच्याकडे जेवायला गेले. गप्पांत दुपार टळली. पाच वाजता घरी आले, "आली!" म्हणाले. उत्तर आलं नाही. काकू ओसरीवर बसली होती, तोंड उतरलेलं.

"कुठं होती वं पोरी? तो तीनदा तुह्या शाळेपर्यंत जाऊन आला. आता चौथ्यांदा गेला."

नागपूरचं ऊन. दुपारी रस्त्यावर डांबर वितळतं, कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात पडून असतात. त्या उन्हात साठीकडे झुकलेला माणूस चार-चार मैल फेऱ्या घालत होता. मी सायकल वळवणार एवढ्यात ते आले. चेहरा काळानिळा, डोळे लाल. मला बघून खाली उतरले, सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले. काकूनं कैरीचं पन्हं दिलं, कांदा फोडून तळपायाला चोळला. मी रडत माफी मागत होते.

"दर वळनावर उतरून नाली पाह्यली मी," ते एवढंच म्हणाले.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, गाडीखाली कोणी आलं होतं का तुमच्या?"

काकूचा हात थांबला. काकांनी पन्ह्याचा एक घोट घेतला.

"नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांत कोणाले खरोच नाही. थंडीचे दिवस होते. सकायी संत्रा भरून निघालो, मौद्याले चहासाठी थांबलो. क्लिनर उतरला आन् म्हणे, उस्ताद, हे काय आहे? डाव्या बाजूले मागच्या कडीत दुपट्टा अटकला होता. पांढरा, लाल काठाचा. कोन्या तरी मानसाच्या खांद्यावरचा. फाटला नोता. रक्त नोतं. नुसता अटकला होता."

"मग?"

"मंग काय. गाडी तिथंच ठेवली. चहावाल्याची सायकल मागितली आन् मौद्यापासून पारडीच्या नाक्यापर्यंत गावागावात विचारत आलो. दुपट्टा कोनाचा? कोनी पडलं का? चौकीत गेलो, दवाखान्यात गेलो. नाल्या पाह्यल्या. चार दिवस फिरलो. कोनीच नाही."

"म्हणजे काही झालंच नसेल, काका. वाऱ्यानं उडाला असेल."

"असन. मीबी तेच म्हणतो रोज. उडाला असन." त्यांनी पेला खाली ठेवला. "पन तो अटकला तवा तो मानूस माह्यापासून हातभर दूर असन, पोरी. हातभर! आन् मी गानं म्हणत चाललो होतो. तो घरी पोचला का नाही, मले आजबी माहीत नाही."

त्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणेनासे झाले, पोरी म्हणू लागले. आणि फाटकातून "आली!" म्हणताना मी पुन्हा कधी आवाज दाबला नाही.

तीस पूर्ण व्हायच्या आत माझं लग्न झालं आणि मी शहरातच इंदोऱ्याकडे राहायला गेले, पण महिन्यातून दोन रविवार तरी इतवारीत चक्कर व्हायची. तीन-चार वर्षांनी अशाच एका रविवारी काकूनं मला फाटकातच गाठलं. काका दोनदा भाजीच्या ठेल्याला धडकले होते. एक स्कूटरवाला वाटेल ते बोलला होता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. सायकल बंद करा म्हणाले.

"तो ऐकत नाही," काकू कुजबुजली. "म्हणे डाक्टर अंधाऱ्या खोलीत बसून पाह्यते, त्याले रस्त्याचं काय समजते. म्हणे पोरगी येईन, ती मास्तरीण आहे, तिच्याकडून परीक्षा घेतो. पोरी, पास करून देजो वं त्याले. गल्लीतल्या गल्लीत चालवन. सायकल गेली तं हा खाटेवर बसून बसून मरन."

मी सायकल भिंतीला टेकवून आत गेले.

गल्लीमागच्या मैदानात आम्ही तिघं गेलो. काका सायकलवर बसून एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले. समोरच्या कडुलिंबाकडे सरळ बघायचं, मान वळवायची नाही. मी मागून माझ्या सायकलवरून हळू यायचं, आणि मी नजरेत आले की त्यांनी हात वर करायचा. नियम त्यांचेच.

उजवीकडून गेले. हात उशिरा का होईना, वर झाला.

मग डावीकडून. मी त्यांच्या मागच्या चाकापाशी आले. हात हँडलवरच. त्यांच्या पायडलपाशी आले. त्यांच्या बंडीची तुटलेली गुंडी मला दिसत होती. ते कडुलिंबाकडे टक लावून बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. मी त्यांच्या पुढे गेले, पुढच्या चाकाच्याही पुढे, आणि तेव्हा कुठे त्यांचा हात झटकन वर झाला.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी इतकी जवळून गेले की हात लांबवला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

"सांग," ते म्हणाले. "कुठं होती तू?"

मैदानाच्या कडेला काकू उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि लांबून माझ्याकडे बघत मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण. एक शब्द बोलायचा होता. त्यांनी तो खरा मानला असता, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्यावर असते.

"तुमच्या समोरच्या चाकाच्या पुढे," मी म्हटलं. "तिन्ही वेळा. काका, नापास."

ते उतरले, सायकल स्टँडवर लावली, सीटवरून एकदा हात फिरवला.

"माह्या हिशेबानं मी बरोबर होतो," ते म्हणाले. "मले वाटलं, तू आत्ताच आली." मग म्हणाले, "खोटं नाही बोलली, हे बरं केलं."

काकू वळली आणि घराकडे निघून गेली.

पुढचे तीन रविवार मी इतवारीत गेले नाही. जायला धीरच झाला नाही. काकूचा तो वळलेला चेहरा समोर यायचा. कधी वाटे, गल्लीतल्या गल्लीत चालवली असती तर काय बिघडलं असतं? नवऱ्यानं समजावलं, पण पटेना. चौथ्या रविवारी संध्याकाळी चारच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर दोघं उभे. घामानं डबडबलेले. काकूच्या एका हातात चपला, दुसरा हात काकांच्या डाव्या दंडात अडकवलेला.

"पाणी दे वं आधी," काकू म्हणाली. "इतवारीपासून चालत आनलं यानं मले."

मी पाणी दिलं. तिनं पेला रिकामा केला, तळपाय दाबत बसली आणि मग माझ्यावर बरसली. "तू नापास केलं आन् माह्या पायाइचं वाटोळं झालं. रोज सकायी हा म्हणते चाल, संध्याकाळी म्हणते चाल. एकटा जाऊ शकत नाही ना! डाव्या बाजूचं दिसत नाही, म्हणून डाव्या बाजूनं मी." ती थांबली, हसू दाबायला लागली. "पस्तीस वर्षं झाली लग्नाले. आधी ट्रकवर होता. मंग सायकल आली, तं डबलसीट घेनार नाही म्हणे, धोका आहे. मी रिक्षात बसो, हा मांगून सायकलवर राखन करत ये. बाजूनं चाललाच नाही कधी. मले माहीतच नोतं का हा एवढा बोलते."

"मी नाही बोलत," काका म्हणाले. "तूच बोलते."

चहा झाला. काकांनी माझ्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे पायडल तपासले, वंगण लागेल म्हणाले. निघताना काकू दारात थबकली.

"रविवारी येजो," ती म्हणाली. "सकायी येजो. दुपारी आमी घरी नाही. फुटाळ्याचा तलाव पाहाले चाललो. पस्तीस वर्षं झाली नागपुरात, अजून पाह्यला नाही मी."

ते दोघं गल्लीतून निघाले, हळूहळू, कडेकडेनं. काकू डावीकडे, तिचा हात त्यांच्या दंडात. ती काही तरी सांगत होती आणि ते मान हलवत होते. मी वळणापर्यंत बघत राहिले. तोवर तिचं बोलणं संपलं नव्हतं.